आजीचं आयुष्य लिहायचं, तर सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात असा: तुमच्या आजी, म्हणजे आईच्या आई, दोन महिन्यांपूर्वी ८९व्या वर्षी गेल्या. पाटण तालुक्यातलं गाव, आजोबा मुंबईला गिरणीत. वर्षश्राद्धाला आजींवर एक छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांना द्यावी असं तुमच्या मनात आहे. पण लिहायला बसलं की ‘प्रेमळ, कष्टाळू, सुगरण’ या तीन शब्दांपुढे पेन सरकत नाही. आजी शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांच्या हातचं लिहिलेलं काही नाही, फोटो सगळे मिळून ११. त्यात आई म्हणते, ‘ती फार तापट होती, आम्ही टरकून असायचो’, आणि मामा म्हणतो, ‘माझ्या आईने कधी आवाज चढवला नाही’. खरं कुणाचं मानायचं, आणि लिहायचं काय?

मी सातारा जिल्ह्यात २२ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गेली १६ वर्षं घराघरांत जाऊन वयस्क बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करते आणि त्यांच्या कुटुंबांना त्यांची लहान पुस्तकं करून देते. साठेक झाली असतील. त्यातली निम्मी तरी बाई गेल्यानंतर केलेली आहेत, त्यामुळे तुमच्यासारखी परिस्थिती मला नवी नाही.

तुम्हाला वाटतंय की माहिती कमी आहे म्हणून लिहिता येत नाही. मला अडचण वेगळी दिसते. तुम्ही ज्यांना ओळखत होता त्या ‘आजी’ होत्या. तुम्हाला समजायला लागलं तोवर त्यांचं लग्न, सासुरवास, बाळंतपणं, नवरा मुंबईत असताना एकटीने ओढलेली शेती, भूकंप, गिरण्यांचा संप, सगळं होऊन गेलेलं. तुम्हाला भेटली ती मे महिन्यात आलेल्या नातवंडांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवणारी बाई. ‘प्रेमळ’ हा शब्द तिच्यासाठी खराच आहे. पण तो शब्द तुमचं आणि त्यांचं नातं सांगतो. उद्या तुमच्या मामेभावाची मुलगी ती पुस्तिका उघडेल तेव्हा त्या शब्दातून तिला कुणी दिसणार नाही, कारण तिच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीची आजी प्रेमळच असते.

यातलं किती हाती लागेल हे परिस्थितीवर आहे, ते आधीच मान्य करते. कोण हयात आहे, कुणाला बोलायची इच्छा आहे, जुनं घर उभं आहे की पाडलंय, भावंडांत जमिनीवरून काही धुसफूस आहे का, यावर सगळं ठरतं. तुमच्या प्रश्नात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, की आजींची धाकटी बहीण ८४ वर्षांची आहे आणि कराडला मुलाकडे असते. माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रश्नातली ती सगळ्यात मोलाची ओळ आहे. कागदपत्रं पुढच्या वर्षीही तिथेच असतील, आई-मामा आहेतच. आधी मावशीआजीकडे जा. आजींना परकरात पाहिलेलं, त्यांच्या लग्नाआधी त्यांच्याशी भांडलेलं माणूस बहुधा ते एकच उरलंय.

तिथे जाऊन काय विचारायचं, यावर थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक सगळे इथे चुकतात आणि मीही चुकले. माझी आई २००६ साली गेली. त्याआधी वर्षभर मी वही घेऊन तिच्यासमोर बसायचे. ‘आई, तुझं बालपण कसं होतं?’ ‘चांगलं होतं.’ ‘लग्नानंतर त्रास झाला का गं?’ ‘सगळ्यांनाच होतो.’ वर्षात तीन पानं भरली. ती गेल्यावर दहाव्याच्या दिवशी तिची बालमैत्रीण आली आणि बोलता बोलता म्हणाली, धुणं धुवायला म्हणून आम्ही दोघी नदीवर जायचो आणि तुझी आई डोहात या काठावरून त्या काठाला पोहून यायची, तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी ४० वर्षं तिची मुलगी होते. तिला पोहता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला बालपणाबद्दल विचारत राहिले आणि नदीबद्दल एकदाही विचारलं नाही. तेव्हापासून मी कुणालाही ‘कसं होतं’ असा प्रश्न विचारत नाही.

विचारायचं ते वस्तूंबद्दल, वाटेबद्दल, कामाबद्दल. माझा पहिला प्रश्न नेहमी पाण्याचा असतो. ‘तुमच्या माहेरी पाणी कुठनं आणायचा?’ या एका प्रश्नावर मी दोन-दोन तास रेकॉर्डिंग केलेलं आहे. ओढा किती लांब, वाटेत कुणाचं घर लागायचं, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घागर घ्यायला कुणी शिकवलं, उन्हाळ्यात झरा आटला की रात्री किती वाजता उठायचं, कुणाला त्या पाणवठ्यावर येऊ देत नव्हते. मैत्रिणी, भांडणं, जात, भीती, हसणं, सगळं पाण्याच्या वाटेवर सापडतं. मग चूल: पहाटे आधी कोण उठायचं, सरपण कुठून, विस्तव विझला तर कुणाच्या घरून आणायचा. मग झोपायची जागा: नवी नवरी म्हणून आलात तेव्हा कुठे झोपलात? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात त्या घरातलं तिचं स्थान आपोआप येतं.

तुमच्या आजींच्या बाबतीत मी मनीऑर्डरबद्दल नक्की विचारेन. मुंबईहून दर महिन्याला पैसे यायचे, त्या फॉर्मच्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा असायची. आजींना वाचता येत नव्हतं, म्हणजे ते कुणीतरी वाचून दाखवलं. पोस्टमनने ओट्यावर, सासू-सासऱ्यांसमोर वाचलं असेल तर नवऱ्याने बायकोला उद्देशून त्यात काय लिहिलं असेल? आणि पैसे मोजून कुणाच्या हातात पडायचे? एका घरी हा प्रश्न विचारला तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘कुपनावर शेवटी ‘सर्वांना नमस्कार’ असायचं, त्या सर्वांत मी.’ त्यांच्या पुस्तकाची सुरुवात मी त्याच वाक्याने केली.

ज्या बायका गप्प गप्प असतात त्यांच्यासाठी दुसरी वाट म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत पहाटेचं दळण घरोघरी होतं, आणि बोलता न येणारं बरंचसं बायका तिथे गाऊन मोकळ्या व्हायच्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. जाण्याआधी दहा-वीस ऐकून जा, म्हणजे मावशीआजींनी एखादी अर्धी ओळ म्हटली तर ती तुमच्या कानातून निसटणार नाही. आणि ‘एखादी ओवी म्हणून दाखवा’ असं सांगून खुर्चीत बसवू नका. मसूरजवळच्या एका आजींना खुर्चीत बसून एकही ओवी आठवेना. सुनेने माळ्यावरून जातं काढलं, त्या खाली बसल्या, खुंट्याला हात लावला, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्यावर एकामागून एक नऊ ओव्या आल्या. जातं नसेल तर जमिनीवर बसवून नुसता हात फिरवायला सांगा. बऱ्याचदा तेवढंही पुरतं.

रेकॉर्डिंगचं तांत्रिक फार काही नाही. मोबाईल विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन बोलण्यात फोन येतो. तो चौघडी घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, स्टीलच्या टेबलावर नको. पंखा बंद. एका वेळी ४०-५० मिनिटं पुरे, वय ८४ आहे. आणि शक्यतो त्यांच्या मुला-सुनेसमोर नको. मुलं मध्येच दुरुस्त करतात, ‘अगं आई, ते साल ते नव्हतं’, आणि मग बाई मुलाकडे बघून बोलायला लागते. घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलला तारीख आणि नाव द्या आणि तीन ठिकाणी प्रती ठेवा. एका आजींचं दोन तासांचं बोलणं माझ्या एकाच मोबाईलमध्ये होतं आणि तो मोबाईल बिघडला. दुरुस्ती होईपर्यंत त्या गेल्या होत्या.

आता सालांचं. मावशीआजी तुम्हाला साल सांगणार नाहीत. त्या म्हणतील ‘भूकंपाच्या आदी’, ‘तुजी आई पोटात व्हती तवा’, ‘सासरा गेला त्या वर्षी’. हेच त्यांचं पंचांग आहे आणि ते बरंच अचूक असतं. तुम्ही एका लांब कागदावर आडवी रेघ मारा. वर साल लिहा, खाली आजींचं वय. त्यावर आधी तुमच्या भागातल्या मोठ्या घटना बसवा. पाटणच्या बाईसाठी सगळ्यात मोठी खूण म्हणजे ११ डिसेंबर १९६७ची पहाट, कोयनेचा भूकंप. त्याआधीची दहा-बारा वर्षं कोयना धरणाचं काम आणि पाण्याखाली गेलेली गावं. आजींचं माहेर किंवा कुणा बहिणीचं सासर त्या पाण्यात गेलं का, हे विचाराच. मग १ एप्रिल १९५७, आणे-पै जाऊन नये पैसे आले ती तारीख. कुणी ‘चार आण्याला’ म्हणालं आणि कुणी ‘पंचवीस पैशाला’ म्हणालं तर काळाचा थोडा अंदाज येतो, मात्र आणे बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं टिकले, त्यामुळे एवढ्यावरच विसंबू नका. आणि १८ जानेवारी १९८२, गिरण्यांचा संप.

खुणा भागाप्रमाणे बदलतात. माण-खटावच्या बाईला विचाराल तर ती १९७२च्या दुष्काळापासून मोजेल, खडी फोडायला कुठे जायचो आणि कामावर सुकडी किती मिळायची ते सांगेल. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बाईचं पंचांग रझाकारांपासून, १९४८पासून सुरू होतं. पुण्यातल्या पेठेतली बाई १२ जुलै १९६१, पानशेतचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, यावरून सगळं सांगते. तुमच्यासारखा प्रश्न आणखी कुणाला पडला असेल तर त्यांनी आपल्या भागाची खूण धरावी.

या रेघेवर आता तुमचा आई-मामाचा पेच ठेवून बघू. तुम्ही लिहिलंय, आई १९५७ची आणि मामा १९६६चा. आजी ८९व्या वर्षी गेल्या, म्हणजे जन्म साधारण १९३६चा. तुमच्या आईला आठवते ती २५ ते ३५ वर्षांची बाई. नवरा वर्षातून शिमग्याला, गणपतीला, यात्रेला येणारा. घरात सासू-सासरे, गोठ्यात जनावरं, शेत, पाठोपाठची लेकरं, आणि मनीऑर्डर उशिरा आली की वाण्याची उधारी. त्या बाईचा हात पोरांवर पडत असेल, विशेषतः थोरल्या मुलीवर, कारण अर्धं काम त्या मुलीवरच होतं. मामाला समजायला लागलं तेव्हा आजींची चाळिशी जवळ आली होती, सासू बहुधा थकली होती किंवा गेली होती, थोरल्या बहिणी घर सांभाळत होत्या. आणि तो १६ वर्षांचा असताना संप झाला. तुमचे आजोबा इतर हजारो कामगारांसारखे तेव्हा गावी परतले का? परतले असतील, तर मामाच्या आठवणीतलं घर आईच्या आठवणीतल्या घरापेक्षा पूर्ण वेगळं आहे. आणि अनेक वर्षांनी बाप कायमचा घरी आला, तोही काम गेलेला, तर त्या घरात आवाज न चढवणं हे आजींनी ठरवून केलेलं असू शकतं. हा माझा अंदाज आहे, खात्री तुम्ही करा. पण माझ्या अनुभवात भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा दहातल्या आठ वेळा दोघंही खरं बोलत असतात, वेगवेगळ्या वयाच्या बाईबद्दल.

म्हणून दोघांपैकी एकाची बाजू घेऊ नका आणि मधला रस्ता काढून ‘प्रसंगी कठोर पण मनाने हळवी’ असलं काही अजिबात लिहू नका. आईची आठवण आईच्या नावाने आणि सालानिशी लिहा. मामाची त्याच्या. दोन पानं शेजारी शेजारी येऊ देत. आणि दोघांशी वेगवेगळं बोला, एकत्र बसवलंत तर थोरली बहीण बोलेल आणि धाकटा मान डोलवेल.

एक सूचना आईबद्दल. आठवणी काढताना ती रडेल, कदाचित आजीवर रागावेलही. घाबरू नका आणि लगेच विषयही बदलू नका. पाण्याचा तांब्या द्या, गप्प बसा. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३मध्ये मांडलं होतं की उतारवयात माणसं मागचं पुन्हा पुन्हा काढतात ते भ्रमिष्टपणामुळे नसतं, आयुष्याचा हिशेब मनात लावून घेण्याचं ते नैसर्गिक काम असतं. मावशीआजी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागल्या तर हे लक्षात ठेवा. तिसऱ्या खेपेला बहुधा एखादा नवा तपशील येतो.

इथवर झालं ते माणसांकडून मिळवायचं. आता कागद.

शाळा नाही म्हणजे दाखला नाही. आधारकार्डावर १ जानेवारी किंवा १ जून अशी जन्मतारीख असेल तर ती खरी धरू नका. ज्यांना तारीख ठाऊक नव्हती अशा असंख्य लोकांच्या कागदांवर याच तारखा आहेत. पण एका कागदात तुमच्या आजींचं नाव असण्याची शक्यता चांगली आहे आणि तो कुणी बघत नाही: माहेरच्या जमिनीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद. त्यांचे वडील १९५६नंतर, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यावर वारले असतील, तर वारसनोंदीत मुलींची नावं लागलेली असू शकतात. पुढे बहुतेक घरांत बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोड करून दिली, त्याचाही फेरफार होतो. तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, मागा. माझ्या एका कामात एका आजींचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा लिहिलं गेलं ते त्यांचा हक्क सोडल्याच्या नोंदीत. नातीने तो उतारा पुस्तिकेत छापला. त्यावर एकही शब्द लिहिला नाही, आणि ते बरोबर केलं.

तिथे कदाचित तुम्हाला ओळखू न येणारं नाव दिसेल. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची चाल आपल्याकडे अनेक घरांत होती, आणि माहेरचं नाव तिथेच मागे राहायचं. आजींचं माहेरचं नाव काय, लाडाने काय म्हणायचे, हे तुम्हाला माहीत आहे का? प्रश्नात तुम्ही त्यांचं एकही नाव लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. पुस्तिकेत वंशावळ देणार असाल तर कृपा करून त्यात बायकांची नावं घाला, आजीची आई, आजीची सासू, सगळ्यांची. जुन्या वंशावळीत बापाखाली मुलगा एवढंच असतं. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लावणं बंधनकारक झालं आहे. तुमच्या घरातलं सगळ्यात धाकटं बाळ त्यानंतरचं असेल तर त्याच्या दाखल्यावर आईचं नाव आहे आणि पणजीचं कुठेच नाही, असं होऊ देऊ नका.

एक प्रश्न मी फार जपून विचारते, आणि तो मावशीआजींना तुम्हीच विचारायचा आहे, एकटीने. ‘आजीला मुलं किती?’ असं नाही. ‘आजीची बाळंतपणं किती झाली?’ पहिल्याचं उत्तर जिवंत असलेल्यांचं येतं. दुसऱ्याच्या उत्तराला थोडा वेळ लागतो. कोरेगावकडच्या एका घरात चार भावंडांना वाटत होतं आपण चारच. आईच्या बहिणीने सांगितलं, सहा. पहिली मुलगी दहा महिन्यांची होऊन तापाने गेली. तिचं नाव ठेवलेलं होतं, बारसं झालं होतं. आई दर नागपंचमीला झाडाला एक जास्तीचा झोका बांधायची आणि मुलांना कधी कळलं नव्हतं का. ती भावंडं तेव्हा साठी-पासष्टीची होती. थोरल्या भावाने मला नंतर फोन करून एवढंच विचारलं, ‘बाई, पुस्तकात तिचं नाव पहिलं घालता येईल ना?’ घातलं.

पण जे कळेल ते सगळं छापायचं नसतं. इथे नियम एकच असा नाही, तारतम्य लागतं. माझी पद्धत अशी: जी गोष्ट हयात माणसाला गावात मान खाली घालायला लावेल ती छापत नाही. जी गोष्ट सांगणाऱ्याने ‘हे तुझ्यापाशीच ठेव’ म्हणून सांगितली तीही नाही, ऐकणारी मीच असले तरी. एकदा एका घराच्या आग्रहावरून मी जमिनीच्या वाटणीतला एक प्रसंग बाईंच्या शब्दांत तसाच ठेवला. दोन भाऊ आज आठ वर्षं बोलत नाहीत. भांडण आधीचंच होतं असं मला सगळे सांगतात, तरी तो मजकूर मी काढायला हवा होता. अशा गोष्टी रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या. पाकिटावर लिहून ठेवा की अमक्या सालानंतर उघडावं.

लिहिताना ते तीन शब्द आधी एका चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवा आणि प्रत्येकाच्या जागी एक प्रसंग शोधा. ‘सुगरण’ म्हणजे काय? सणाला पुरणपोळी सगळ्याच करतात. घरात काही नसताना, मुंबईचे पैसे आले नसताना, अचानक पाहुणा आला तर आजींनी काय शिजवलं? तुमच्या भागात नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं असेल, किंवा आणखी काही. ते कसं केलं ते त्यांच्याच मापांनी लिहा: चिपटं, मापटं, मूठ, ओंजळ. ग्रॅममध्ये करू नका. मावशीआजींची मूठ मोजून घ्यायची असेल तर खुशाल घ्या, ती बहिणीच्या मुठीएवढीच असेल. ‘कष्टाळू’ म्हणजे काय? जूनमधला एक दिवस, लावणीचा, पहाटेपासून रात्रीपर्यंत, कामांच्या क्रमाने लिहून काढा. विशेषण लागणारच नाही.

आणि त्यांची बोली सुधारू नका. हे मी मराठीची शिक्षिका म्हणून सांगते आहे. पहिल्या काही पुस्तकांत मी ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं, ‘म्या’चं ‘मी’ केलं, आणि वाचून दाखवल्यावर एका मुलाने विचारलं, ‘बाई, हे कोण बोलतंय?’ तुमचं निवेदन तुमच्या मराठीत असू द्या, आजींचं आणि मावशीआजींचं बोलणं जसं तोंडून आलं तसंच.

फोटोंबद्दल: अकरा पुष्कळ झाले. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला, बॉलपेन नको, ठसा पुढे उमटतो. फोटो मोठा करून बघा. हातात बांगड्या किती, लुगडं नऊवारी की पाचवारी, मागे भिंत मातीची की सिमेंटची, यावरून साल ठरवायला मदत होते. दवाखान्यातले शेवटचे फोटो घालू नयेत असं माझं ठाम मत आहे.

छपाई साधी ठेवा. मधोमध पिना मारलेली पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, आणि छापखान्यात १६ पानांचा एक फॉर्म धरतात, म्हणून ३२ पानं सोयीची. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको, पहिले वाचक साठीच्या पुढचे आहेत. आणि पहिलं पान ‘जन्म अमुक साली अमुक गावी झाला’ असं सुरू करू नका. सुरुवात कशाने करायची ते तुम्हाला रेकॉर्डिंग ऐकताना कळेल. एखाद्या वाक्यापाशी तुम्ही थांबाल आणि मागे नेऊन पुन्हा ऐकाल, ते वाक्य.

वेळ तुमच्याकडे दहा महिने आहेत. पहिले तीन फक्त ऐकण्यात जाऊ देत. मग दोन कागदांत आणि फोटोंत, तीन लिहिण्यात. शेवटचे दोन छपाईला आणि आई-मामाला मसुदा वाचून दाखवायला ठेवा. वाचून दाखवणं टाळू नका, हातात छापलेली प्रत पडल्यावर ‘असं नव्हतं’ म्हणून उपयोग नसतो.

राहता राहिली ती वाकळ. तुम्ही लिहिलंय की आजींनी शिवलेली एक जुनी वाकळ तुमच्या कपाटात आहे आणि तिचं काय करावं कळत नाही. येत्या रविवारी कराडला जाताना ती सोबत न्या. धुवू नका. मावशीआजींसमोर अंथरा, मोबाईल टॉवेलवर चालू करून ठेवा, आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे लुगडं कुणाचं. पहिल्या दोन-चार तुकड्यांना ‘काय म्हायीत’ असंच उत्तर येईल. तुम्ही बोट पुढच्या तुकड्यावर न्या.